बाई पाठीमागे उभ्या असायच्या

बाळंतपणाला मी कधी घाबरले नाही. रक्ताला नाही, घाणीला नाही, ओरडण्याला तर नाहीच नाही. मी घाबरायचे ती आमच्या बाईंना. त्या ओरडल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. आमच्या घरी चिंचणीला सगळी माणसं ओरडूनच बोलायची, साधं मीठ मागायचं तरी शेजारच्या वाडीत ऐकू जायचं. पण बाई ओरडायच्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या, भिंतीला टेकायच्या आणि तोंडातून शब्द न काढता माझ्या हातांकडे बघत राहायच्या. मानेवर कुणीतरी गार पाण्याचा थेंब थेंब सोडावा तसं मला व्हायचं.

साठच्या दशकातली गोष्ट. पालघरला आम्ही काही मुली नर्स-दाईचं शिक्षण घेत होतो. दवाखान्यातलं काम शिकून झालं की गावोगावच्या घरी जाऊन बाळंतपणं करायची, आणि प्रत्येक वेळी बाई सोबत. बाई म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर. मूळच्या घाटावरच्या, उंच, काळ्यासावळ्या, पांढऱ्या पातळाला एक सुरकुती खपवून न घेणाऱ्या. शिकवायचं ते वर्गात शिकवून झालेलं असायचं. बाळंतिणीच्या घरी त्या फक्त बघायच्या. जिवावर बेतलं तरच हात घालायच्या, एरवी शिकाऊ मुलगी आणि बाळंतीण जे काय करतील ते.

घरात काही का बोलत नाहीत, हे मी एकदा धीर करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, घरच्यांसमोर मी तुला बोलले तर उद्या त्या घरात तुला कोण उभी करील? म्हणून सगळा हिशेब परतीच्या वाटेवर. घर मागे पडलं की बाई छत्री उघडायच्या आणि म्हणायच्या, हं, सांग. मग मी पहिल्यापासून सगळं सांगायचं. दारात गेले, हात धुतले, पोट तपासलं, असं. मधलं काही सांगायचं राहिलं तर ते आपण नीट बघितलंच नाही, असा त्यांचा हिशेब, आणि तो कधी चुकत नसे, हे त्यातलं सगळ्यात वाईट. माझं सांगून झालं की त्या एकच गोष्ट सांगायच्या. एकाहून जास्त नाही. दुसऱ्या मुलींना दर वेळी नवी गोष्ट मिळायची. मला मात्र सारखी तीच.

"तू बाळंतिणीशी बोलत नाहीस."

मला असा राग यायचा! हात स्वच्छ, गाठ पक्की, नाळ बरोबर कापलेली, मूल रडलेलं, आणि यांचं आपलं बोलत नाहीस, बोलत नाहीस. कळा सोसणाऱ्या बाईशी काय गप्पा मारायच्या, यंदा वांगी कशी लागलीत म्हणून? मी मनात धुमसायचे आणि तोंडाने हो बाई म्हणायचे.

खरं कारण वेगळं होतं. बाईंना तोंडात लवंग ठेवायची सवय होती. काम नीट चाललं असलं की त्या ती सावकाश चघळत राहायच्या, जबडा हलताना दिसायचा. आमचं काही चुकायला लागलं की जबडा थांबायचा. हे आमच्यातल्याच एका चलाख मुलीने हेरलं आणि वसतिगृहात सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून आम्ही सगळ्या एक डोळा बाळंतिणीवर आणि एक डोळा बाईंच्या जबड्यावर ठेवून काम करायला लागलो. जबडा थांबला की हातातलं सोडून दुसरं काहीतरी करायचं. तो पुन्हा हलायला लागला की बरोबर. दुसरीकडच्या कुठल्या नर्सा असल्या शिकल्या असतील, असं मला वाटत नाही. अशी तारेवरची कसरत करताना त्या बाळंतिणीशी बोलायला माझ्याकडे तोंड कुठून शिल्लक राहणार?

आणि एक. बाकीच्या मुलींना पास व्हायची घाई होती, मला नव्हती. मनोरच्या पलीकडे डोंगरात एका पाड्यावर दवाखान्याची एक खोली होती. तिथली नर्स आजारी पडून गेली ती परत आली नव्हती. पुढची जी मुलगी तयार होईल ती तिथं जाणार, हे आम्हाला माहीत होतं, आणि राहिलेल्यांत पुढचा नंबर माझा. बाईंनी जा म्हटलं की जायचं. एकटीने. डोंगरात चढावर विखुरलेली घरं, पावसात रस्ता बंद, डॉक्टर मनोरला, आणि अडलेल्या बाईसमोर मी. तिथं माझ्या पाठीमागे कुणाचा जबडा हलणार होता? रात्री अंथरुणावर पडलं की हेच डोक्यात यायचं. नापास झाले तर घरी आई बोलेल, शेजारी हसतील, चालेल. पण माझ्या हातून एखादी बाई गेली तर? या एका विचाराने मी शिक्षणाचे शेवटचे महिने जीव मुठीत धरून काढले. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी नवापूरहून बोलावणं आलं. कोळ्याचं घर, बाईचं चौथं बाळंतपण. आम्ही पालघरहून गाडीने बोईसरला उतरलो. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं होतं. स्टेशनाबाहेर सिमेंटचे ट्रक, धूळ आणि हिंदीत एकमेकांना हाका मारणारे मजूर. असल्याच एका ट्रकवाल्याने आम्हाला अर्ध्या वाटेपर्यंत सोडलं, पुढे चालत. बाई वाटेत फक्त एकदा बोलल्या. म्हणाल्या, आजचं बघते आणि मग तुझं ठरवते. उरलेली वाट मी मनातल्या मनात देवाला विनवत होते की आजचं काही ठरू नये.

नवापूरला पोचलो तेव्हा होड्या पहाटेच लागलेल्या होत्या. घराच्या अंगणात ही गर्दी. पुरुष जाळी झटकत होते, मासळी निवडत होते, बोंबलांच्या पाट्या इकडून तिकडे जात होत्या. त्यांच्यातून वाट काढत आम्ही आत गेलो. घराच्या एका कोपऱ्यात होडीचं जुनं शीड आडवं बांधून बाळंतिणीसाठी आडोसा केला होता. ती चटईवर पडली होती, तिची सासू उशाशी बसलेली. कळा पहाटेपासून होत्या. मी हात धुतले, सुया आणि रबरी नळी उकळायला ठेवली, पोट तपासलं. बाई कुडाला टेकून उभ्या राहिल्या. हात पाठीमागे, जबडा चालू. मी जरा श्वास घेतला.

बाळंतपण सरळ झालं. चौथं मूल, वेळ लागला नाही. मुलगी झाली, लगेच रडली. थोड्या वेळाने वार पडली. मी ती उलटीसुलटी करून बघितली, पूर्ण होती. बाईंकडे पाहिलं, जबडा सावकाश हलत होता. झालं बाई एकदाचं, असं मला वाटलं. मूल पुसून सासूच्या हातात दिलं आणि ती त्याला घेऊन उजेडाकडे गेली. मी बाळंतिणीला पुसायला वळले, तर तिच्या खालचं फडकं भिजलेलं होतं. मी दुसरं ठेवलं. तेही माझ्या डोळ्यांदेखत लाल व्हायला लागलं.

मी पोटावर हात ठेवला. वार पडली की बेंबीच्या खाली गर्भपिशवीचा घट्ट गोळा हाताला लागायला हवा. माझ्या हाताला काहीच लागलं नाही. सगळं मऊ, कणकेच्या गोळ्यात हात बुडावा तसं. मी चोळायला लागले. चोळता चोळता काहीतरी घट्ट झाल्यासारखं वाटलं, आणि हात जरा सैल केला की पुन्हा मऊ. रक्त चटईवरून जमिनीवर आलं. मी सवयीप्रमाणे मान वळवून बाईंकडे पाहिलं.

कुडापाशी कुणी नव्हतं.

तो क्षण मी आजही विसरलेले नाही. एवढी मोठी बाई नाहीशी कुठे होईल? मी शिडाच्या कडेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. हाक मारली. बाहेर पुरुषांच्या गलक्यात माझी हाक कुणाला ऐकू गेली असेल, शक्य नाही. कानात नुसता समुद्र घुमायला लागला, तो खरा होता का माझ्या डोक्यातला, कोण जाणे. मी पिशवी आवळायचं इंजेक्शन काढलं, ते भरताना माझे हात इतके थरथरत होते की सुई दोनदा कुपीच्या काचेवर आपटली. कसंबसं दिलं. पुन्हा पोटावर हात ठेवून चोळत राहिले. आता गोळा लागला, पण जागेवर नाही. वर, आणि उजव्या बाजूला सरकलेला. आणि पुन्हा सैल पडायला लागलेला.

बाळंतीण पांढरी फटक पडली होती. कपाळावर घामाचे थेंब. तिने माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात विचारलं,

"बाय, मी मरत नाय ना?"

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते मला तेव्हाही आठवत नव्हतं. तोपर्यंत मी त्या घरात तिच्याशी एक धड वाक्य बोलले नव्हते. कूस बदल, पाय घे, श्वास घे, एवढंच. आता मात्र पाठीमागे कुणी नव्हतं, पुढे ती एकटी होती, आणि मी बोलत सुटले. बोलता बोलता माझ्या हाताला बेंबीखाली, त्या सरकलेल्या गोळ्याच्या पुढे, दुसरंच काहीतरी फुगलेलं लागलं. मी तिला विचारलं, तू सकाळपासून लघवीला गेली होतीस का?

तिने मान हलवली. नाही. कधीपासून नाही? रात्रीपासून. का नाही गेलीस?

"कशी जाऊ? अंगनात बाप्ये हायत."

मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. होड्या पहाटे लागल्या, अंगण पुरुषांनी भरलं, आणि ही कळा देणारी बाई लाजेपायी त्यांच्यामधून घरामागे जाईना. सासूला सांगायचीही लाज. जीव जाईल पण बाप्यांमधून जाणार नाही. तुंबलेल्या मूत्राशयाने पिशवीला बाजूला ढकललं होतं आणि आवळू देत नव्हतं. हे पुस्तकात होतं, बाईंनी वर्गात शिकवलं होतं, आणि तिला आल्या आल्या एक प्रश्न विचारला असता तर ती हेच सांगणार होती.

मी एक हात पोटावर तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने उकळलेली रबरी नळी ओढली. एका हाताने ते काम होत नाही. मी सासूला हाक मारली, मुलीला खाली ठेवायला सांगितलं, तिचा हात धरून सुनेच्या पोटावर दाबून ठेवला आणि तिला म्हटलं, इथून हलायचं नाही. मग घासून हात धुतले आणि नळी घातली. टोप भरेल की काय असं वाटेपर्यंत लघवी आली. मी पुन्हा पोटावर हात घेतला. गोळा हळूहळू खाली आला, मधोमध आला. चोळला, आणि या वेळी तो आवळला तो आवळलेलाच राहिला. मी हात काढला नाही. मुलीला तिच्या छातीशी लावायला सासूला सांगितलं. नवीन फडकं ठेवलं आणि त्याच्याकडे टक लावून बसले. त्यावर छोटा डाग पडला आणि तेवढाच राहिला.

त्यानंतर कधीतरी मी मान वर केली. शिडाच्या कडेला, जिथून आतलं सगळं दिसतं, तिथं बाई उभ्या होत्या. त्यांच्या उजव्या हातात भरलेली सिरिंज होती. सुई वर, अंगठा दट्ट्यावर. कधीपासून उभ्या होत्या ते मला ठाऊक नाही. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्या आत आल्या, बाळंतिणीची नाडी बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली, गोळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा कुडापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

नाडी बरी लागेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. दुपार कलल्यावर तिने पेज प्यायली आणि मुलीचं नाक कुणावर गेलंय यावरून सासूशी वाद घातला, तेव्हा बाईंनी निघायची खूण केली. मनोरच्या डोंगरात असं झालं असतं तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. नवापूरला ही गत, तर तिथं काय? बोईसरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी दात आवळून चालले. तिथं एका झाडाखाली एसटीची वाट बघत थांबलो. बाईंनी छत्री उघडली आणि म्हणाल्या, हं, सांग.

मी उखडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. म्हटलं, मी काय सांगू, तुम्हीच सांगा, तुम्ही बाहेर कशाला गेलात? ती गेली असती तर? मी हाका मारत होते, तुम्हाला ऐकू येत नव्हतं?

बाईंनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाल्या की ऐकू येत होतं. शिडाच्या बाहेरच होते, एका पावलावर. रक्त आणखी थोडं वाढलं असतं तर आत आले असते, सिरिंज भरलेलीच होती. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने शांतपणे सांगितलं की तुम्ही पोरी माझ्या तोंडाकडे बघून काम करता, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. लवंग सोडून बघितली, तर तुम्ही माझ्या भुवया बघायला लागलात. म्हणून आज वार पडल्यावर बाहेर गेले. रक्त जाईल हे मात्र मी धरलं नव्हतं. ते सुरू झालं आणि माझी पाचावर धारण बसली. प्रत्येक क्षणाला वाटत होतं, आता जावं, आता जावं.

बाईंची पाचावर धारण बसते, ही बातमी मला नवी होती. मग त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलंच. मी सांगितलं. तिने मी मरत नाही ना असं विचारलं, इथपर्यंत आले आणि अडखळले.

"मग तू काय म्हणालीस?"

आठवत नाही, मी म्हटलं. खरंच आठवत नव्हतं.

"मी ऐकलं ना. तू म्हणालीस, माजे पन हात कापतात गो, पन मी हात काडनार नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेशंटसमोर असं बोलायचं नसतं हे पहिल्या आठवड्यात शिकवलेलं, आणि वर ते घरच्या बोलीत, जी बाईंनी आम्हाला कामावर बोलू नका म्हणून बजावलेली. मी मान खाली घालून आता काय ऐकायला मिळतंय याची वाट बघत राहिले.

"असं सांगायचं नसतं," बाई म्हणाल्या. "पण त्यानंतर तिने तुला खरं ते सांगितलं. मी तिथं दिवसभर उभी राहिले असते तरी मला सांगितलं नसतं."

लांबून एसटीची धूळ दिसायला लागली. बाईंनी छत्री मिटली आणि म्हणाल्या की सोमवारी मनोरच्या गाडीने निघायचं, पुढे न्यायला माणूस येईल, मी कळवते. अगदी साधं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. मी त्यांचा पदर धरला असता, इतकी घाबरले होते. म्हटलं, बाई, मला नका पाठवू. आज सुद्धा तुम्ही एका पावलावर होतात. तिथं माझ्या पाठीमागे कुणी नसेल. मला फार भीती वाटते हो.

बाई माझ्याकडे वळल्या. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज एकदम थकलेला होता.

"माहीत आहे. पण त्या डोंगरात आज एखादी अडली असेल तर तिच्याजवळ आत्ता कोण आहे? घाबरलेलीसुद्धा कुणी नाही गं."

एसटी आली. मी चढले, खिडकीपाशी बसले आणि बोईसर येईपर्यंत रडले. बाई शेजारी बसून होत्या, त्यांनी मला गप्प केलं नाही. सोमवारी मी गेले.